आखाजी ते आखाजी

१४ मे २०२१ रोजी, आखाजीच्या म्हणजे अक्षय तृतीयेच्या दुपारी, आम्ही घरातले सगळे जण स्वयंपाकघरात फरशीवर बसलो आणि मुलाच्या एका अर्ध्या वापरलेल्या वहीत आमच्यावरचे सगळे कर्ज पहिल्यांदाच एका जागी लिहून काढले. त्या वर्षी करोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे निर्बंध होते, नणंदा माहेरपणाला येऊ शकल्या नव्हत्या आणि अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला नव्हता. पितरांची घागर भरून आणि आमरसाचा नैवेद्य दाखवून झाल्यावर माझ्या यजमानांनी स्वतःहून आईंना सांगितले की, बंद पडलेल्या दुकानापायी केवळ बँकेचेच नव्हे, तर आणखी पाच ठिकाणचे पैसे देणे आहे. सासूबाई पारोळा तालुक्यातल्या. घरात त्या अहिराणीच बोलतात. त्या रागावल्या नाहीत, पण फार दुखावल्या. त्यांनी एवढेच विचारले, "इतलं कर्ज शे, नि माले का बरं सांगं नही?" दीड वर्ष आम्ही दोघांनी ही गोष्ट त्यांच्यापासून आणि बऱ्याच अंशी एकमेकांपासूनही लपवली होती, कारण यजमानांनी घेतलेले काही पैसे मला माहीत नव्हते आणि मी भावाकडून आणलेले पैसे त्यांना माहीत नव्हते.

वहीतली बेरीज ६,४०,००० रुपये झाली. सहकारी बँकेतून २०१७ मध्ये दुकानासाठी घेतलेल्या कर्जाचे २,७५,००० रुपये बाकी होते, दर वार्षिक १३ टक्के, आणि त्यासाठी सासूबाईंच्या नावावरच्या शेतीच्या सातबाऱ्यावर बोजा चढलेला. माझ्या पाटल्या आणि गोफ ठेवून काढलेले सोनेतारण कर्ज मुळात १,२५,००० रुपयांचे होते, ते व्याज धरून १,४०,००० झाले होते. क्रेडिट कार्डाचे ८०,०००, एका ओळखीच्या गृहस्थाकडून शेकडा तीन रुपयांनी घेतलेले ६०,०००, माझ्या भावाचे बिनव्याजी ५०,००० आणि मोटारसायकलच्या फायनान्सचे ३५,०००. यजमानांना नुकतीच जळगावच्या एमआयडीसीतील एका डाळमिलमध्ये हिशेब लिहिण्याची नोकरी लागली होती आणि त्यांना १७,००० रुपये मिळत. मला खासगी शाळेतले ९,००० आणि शिकवण्यांचे ४,०००. म्हणजे महिन्याला ३०,००० रुपये येणे, आणि डोक्यावर पावणेदोन वर्षांच्या संपूर्ण कमाईएवढे देणे. घर स्वतःचे होते आणि पाच एकर कोरडवाहू जमीन गावाकडे निम्मे बटाईने दिलेली होती, एवढाच आधार.

हे कर्ज चैनीमुळे झालेले नव्हते, हे मी आवर्जून लिहिते, कारण आमच्याकडे कर्जबाजारी माणसाकडे पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार तोच येतो. यजमानांचे मोबाईल दुरुस्तीचे आणि सुट्या साहित्याचे दुकान होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, दुकान बंद राहिले, भाडे मात्र चालू राहिले. पुढे उघडले तोवर निम्मा माल जुन्या मॉडेलांचा होऊन गेला होता. डिसेंबरमध्ये आम्ही शटर कायमचे खाली ओढले. त्या काळात रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली होती आणि आम्ही ती घेतली. सवलत म्हणजे माफी नव्हे, हे तेव्हा आम्हाला नीट उमगले नव्हते. अडीच लाखांच्या बाकीवर तेरा टक्क्यांनी सहा महिन्यांचे सुमारे १६,७०० रुपये व्याज मुद्दलात जाऊन बसले. पुढे केंद्र सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवरील व्याजावरच्या व्याजाचा परतावा दिला, तो आमच्या खात्यात सुमारे साडेचारशे रुपये आला. तो आकडा पाहून यजमान निराश झाले होते, पण हिशेब चुकीचा नव्हता. परतावा चक्रवाढ आणि सरळ व्याज यांतल्या फरकाचाच होता, मूळ व्याज आम्हालाच भरायचे होते.

वही लिहून झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी फक्त व्याजाचे दर समजून घेतले. मी शाळेत गणित शिकवते, तरीही मला हे दर माहीत नव्हते, कारण प्रत्येक ठिकाणी ते वेगळ्या भाषेत सांगितले जातात. 'शेकडा तीन रुपये' ऐकायला इतके किरकोळ वाटते की माणूस विचार करत नाही. पण ते महिन्याचे असतात आणि वर्षाचे छत्तीस टक्के होतात. त्या साठ हजारांवर आम्ही चौदा महिने दरमहा १,८०० रुपये देत होतो, म्हणजे २५,२०० रुपये देऊनही मुद्दल साठ हजारांचे साठ हजारच होते. मोटारसायकलीसाठी ७०,००० रुपये 'बारा टक्के फ्लॅट' दराने तीन वर्षांसाठी घेतले होते. फ्लॅट दरात, मुद्दल दर महिन्याला कमी होत असले तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर लावतात. तीन वर्षांचे २५,२०० रुपये व्याज आणि महिन्याला २,६४४ रुपये हप्ता; बँकेच्या घटत्या शिलकीच्या पद्धतीने मोजले तर तोच दर एकवीस टक्क्यांच्या वर जातो.

क्रेडिट कार्डाचा हिशेब सगळ्यांत जीवघेणा होता. आमच्या कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज होते. ८०,००० रुपयांवर ते २,८०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५०४ रुपये. कमीत कमी भरायची रक्कम पाच टक्के, म्हणजे ४,००० रुपये. आम्ही ती नेमाने भरत होतो आणि भरली की सुटल्यासारखे वाटे. प्रत्यक्षात त्या चार हजारांतून मुद्दलात जमा होत होते ६९६ रुपये. शिवाय बाकी असलेल्या कार्डावर नवी खरेदी केली की तिला बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होते. किराणा, पेट्रोल, औषधे असे दोन-तीन हजारांचे नवे खर्च आम्ही त्याच कार्डावर टाकत होतो, म्हणजे हप्ता भरूनही देणे वाढत होते.

या कर्जाचे खरे मूळ मला सापडले ते मात्र दरांत नव्हे, कार्डाच्या जुन्या विवरणपत्रांत. दुकान चांगले चालत असतानाही कार्डावर बाकी का राहत होती, हे पाहण्यासाठी मी अडीच वर्षांची विवरणपत्रे काढून मोठे खर्च वेगळे लिहिले. जूनमध्ये मुलांची फी, वह्या-पुस्तके, गणवेश. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिवाळी. फेब्रुवारीत विम्याचा हप्ता. मार्चमध्ये घरपट्टी आणि वर्षाची डाळ-गहू भरणे. एप्रिल-मेमध्ये लग्नसराईचे आहेर. मधे कधीतरी मोटारसायकलचा विमा आणि टायर. घरात आम्ही प्रत्येक वेळी म्हणत आलो होतो की या महिन्यात अचानक खर्च आला. त्या अडीच वर्षांत खरोखर अचानक म्हणावा असा खर्च एकच होता, सासूबाईंच्या दाताचा. बाकीचे सगळे ज्या महिन्यात यायचे, त्याच महिन्यात, दर वर्षी, सांगून आले होते.

ही गोष्ट मी सासूबाईंना सांगितली, तेव्हा त्यांना तिचे काहीच नवल वाटले नाही. त्यांच्या काळी घराचा हिशेब आखाजी ते आखाजी चाले. आमच्या खान्देशात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, आखाजीला ठरतो आणि पुढच्या आखाजीला त्याचे साल भरते. त्याच्या साल-मजुरीची तजवीज, बी-बियाण्याचा पैसा, वर्षाची ज्वारी-बाजरी, मीठ-मिरची, पोरीबाळींची बोळवण हे सगळे मामंजी त्याच सुमारास एका बैठकीत मांडत. शेतीचा पैसा वर्षातून एक-दोनदाच येतो, म्हणून तो वर्षभरासाठी वाटून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. आम्ही शहरात आलो, दर महिन्याला पैसा येऊ लागला आणि आम्ही महिन्याचा हिशेब करू लागलो. महिना सरला की वही कोरी, आणि खर्च मात्र वर्षाच्याच चालीने येत राहिले. त्या दोन चालींमधली फट कार्डाने भरून काढली. माझ्या मते नोकरदार घरे कर्जात जातात, त्याचे हे फार मोठे कारण आहे आणि त्याच्याविषयी पुरेसे बोलले जात नाही.

म्हणून आम्ही वहीत वर्ष मांडले. फी आणि शाळेचे साहित्य १८,०००, धान्य, डाळी, तेलाचे डबे आणि वाळवणाचे सामान १४,०००, विम्याचा हप्ता ९,०००, दिवाळी ७,०००, आहेर आणि प्रवास ५,०००, घरपट्टी-पाणीपट्टी ४,०००, गाडीचा विमा-दुरुस्ती ३,०००, डॉक्टर २,०००. बेरीज ६२,०००. तिला बाराने भागले की महिन्याला ५,१६७ होतात. आम्ही ५,२०० धरले आणि पगार झाला की दुसऱ्या दिवशी ते पोस्टातल्या बचत खात्यात टाकू लागलो. त्या खात्याचे पुस्तक सासूबाईंकडे असे. दिवाळीचे पैसे काढायचे तर त्यांना सांगून काढायचे, एवढाच नियम होता. पहिल्या वर्षी दोन वेळा आम्ही त्यातले पैसे दुसऱ्याच कामासाठी मागायला गेलो आणि दोन्ही वेळा त्यांचा चेहरा पाहून परत आलो.

देणे फेडण्याचा क्रम ठरवताना आम्ही दर पाहिला, माणूस पाहिला नाही. आणि तेच कठीण गेले. मन म्हणत होते की आधी भावाचे पैसे द्यावेत, कारण त्याच्यासमोर मान खाली जात होती. पण त्याचे व्याज शून्य होते आणि त्या ओळखीच्या गृहस्थाचे छत्तीस टक्के. मी भावाला फोन करून स्पष्ट सांगितले की, दादा, तुझे पैसे दरमहा दोन हजार करून पंचवीस महिन्यांत देईन, त्याआधी देता येणार नाहीत. तो म्हणाला की तारीख सांगितलीस, एवढे पुरे. दुकानाच्या गाळ्याची अनामत साठ हजार रुपये परत मिळाली, ती जशीच्या तशी त्या गृहस्थाला नेऊन दिली. आम्ही त्याच्याकडे सही केलेला कोरा धनादेश आणि कोरा मुद्रांक कागद ठेवला होता. दोन्ही परत घेऊन घरी आल्यावर चुलीत जाळले. असे कोरे कागद कोणी कोणाला देऊ नयेत. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे, परवानाधारक सावकारालाही बिगरशेती विनातारण कर्जावर शासनाने वर्षाला १८ टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकांकडे करता येते. हे आम्हाला फार उशिरा कळले.

सोन्याचा निर्णय माझा होता. सोनेतारणाची मुदत संपत आली होती आणि लिलावाची सूचना हातात पडली होती. जळगाव ही सुवर्णनगरी. इथे लेकीच्या अंगावरचे सोने मोडणे म्हणजे घरावर संकट आल्याची जाहीर खूण मानली जाते. निर्बंध सैल झाल्यावर जुलैमध्ये भावाने एका दिवसासाठी पैसे फिरवायला दिले, दागिने सोडवले आणि त्याच दुपारी सराफ बाजारात मोडले. चार तोळ्यांचे, घट वजा जाता, १,७२,००० रुपये आले. भावाचे १,४०,००० संध्याकाळी परत केले आणि उरलेल्या बत्तीस हजारांत पदरचे तीन हजार घालून मोटारसायकल मोकळी केली. एका दिवसात दोन कर्जे संपली आणि माझे हात रिकामे झाले. एप्रिल २०२५ मध्ये शुद्ध सोन्याचा भाव तोळ्याला लाखाला टेकला, तेव्हा बऱ्याच जणींनी मला तो आकडा आठवण करून दिला. कागदावर माझा तोटाच झाला, हे मी नाकारत नाही. व्याज भरत बसले असते तरी आज ते सोने त्याहून कितीतरी अधिक किमतीचे असते. पण ते व्याज भरायला तेव्हा आमच्याकडे पैसे नव्हते. सोने ठेवणे आणि विकणे यांत निवड करण्याची संधी ज्याच्याकडे असते, त्याचा हिशेब वेगळा आणि लिलावाची तारीख समोर असलेल्याचा वेगळा.

उरले बँक, कार्ड आणि भाऊ. कार्डाच्या कंपनीने ४५,००० रुपयांत तडजोड करण्याचा प्रस्ताव दिला होता. पस्तीस हजार वाचणार म्हणून यजमानांचा कल तिकडे होता. चौकशी केल्यावर कळले की तडजोड केलेले कर्ज, प्रत्येकाच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिल या संस्थेच्या अहवालात 'सेटल्ड' म्हणून नोंदले जाते, पूर्ण फेडलेले म्हणून नव्हे, आणि पुढे कर्ज देणारी बँक ती नोंद पाहते. मुलगा तेव्हा आठवीत होता. त्याच्या शिक्षणासाठी पाच-सात वर्षांत कर्ज काढावे लागले तर त्यावर सहकर्जदार म्हणून आईवडिलांचीच सही लागणार. आम्ही तडजोड नाकारली, कार्ड बंद करून बाकी दोन वर्षांच्या हप्त्यांत, वर्षाला अठरा टक्क्यांनी, बदलून घेतली. हप्ता चार हजारांच्या आसपास बसला. आधीही आम्ही चार हजारच भरत होतो, पण आता त्यातले बहुतेक मुद्दलात जात होते. ज्या घरात पुढे कोणतेही कर्ज लागणार नाही, त्यांच्यासाठी तडजोड योग्य असू शकते. आमच्यासाठी ती नव्हती.

वसुलीचे फोन हा त्या काळातला वेगळाच त्रास होता. रात्री साडेनऊला, कधी सकाळी सातला. ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. नातेवाइकांना त्रास देणे, धमकावणे हेही निषिद्ध आहे. आमच्यापुरते फोन थांबले ते आम्ही स्वतः बँकेत जाऊन, किती आणि कोणत्या तारखेला भरणार हे लेखी दिल्यावर.

बँकेचा ६,५००, कार्डाचा ४,००० आणि भावाचे २,००० मिळून १२,५०० रुपये दरमहा हप्त्यांत जात आणि ५,२०० वर्षाच्या खात्यात. हातात राहत १२,३००. त्यात दूध, भाजी, गॅस, वीज, पेट्रोल, मोबाईल, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि किरकोळ सगळे. घर कसे चालवले, असे मला आजही विचारतात, म्हणून ते थोडे सविस्तर लिहिते.

बटाईच्या हिश्श्यातून ज्वारी-बाजरी येत असे. पूर्वी आम्ही त्यातली बरीचशी गावातच विकून शहरात गव्हाचे पीठ आणत होतो. ते उलट केले. रोजची भाकरी ज्वारीची, आणि हिवाळ्यात उडीद मिसळून दळलेली कळण्याची. पोळी दोन दिवसांआड. यजमानांच्या मिलमध्ये डाळ भरडताना निघणारा तुकडा पूर्ण डाळीपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतो. वरणाला आणि फोडणीच्या डाळीला त्याने काडीचाही फरक पडत नाही, कारण शिजल्यावर डाळ तुकडाच होते. तेल हे आमच्या खान्देशी स्वयंपाकाचे खरे खर्चिक अंग. शेवभाजीवर तर्री दिसली नाही तर जेवण झाल्यासारखे वाटत नाही, आणि नेमके २०२१-२२ मध्ये खाद्यतेल भयंकर महागले. महिन्याचे पाच किलो तेल मी तीनवर आणले. मसाला कोरडा भाजून वाटला, कांदा-खोबरे तेलात परतायच्या ऐवजी आच देऊन भाजले, आणि तर्री फक्त रविवारी ठेवली. सगळ्यांत अधिक कुरकुर या बदलावर झाली. मे २०२२ मध्ये गॅसचे सिलिंडर हजाराच्या वर गेले, तेव्हा गावाहून येणाऱ्या बैलगाडीभर कपाशीच्या काड्या परसात रचून आंघोळीचे पाणी चुलीवर तापवू लागलो. भरिताची वांगीही त्याच काड्यांवर भाजली जात आणि ती गॅसवर भाजलेल्यापेक्षा चांगली लागतात, हे मी पैशाचा विचार बाजूला ठेवून सांगते.

भाजी मी आठवडे बाजारातून संध्याकाळी उशिरा आणत असे. भाजी स्वस्त असताना गवार आणि मेथी वाळवून ठेवली की मे-जूनमध्ये, भाजीचे भाव कडाडलेले असताना, ती उपयोगी पडत. चैत्रात कुरडया, ज्वारीचे बिबडे, पापड घरी केले. आमच्या गल्लीत चार घरच्या बायका आळीपाळीने एकमेकींकडे लाटायला जातो, त्यामुळे मजुरी लागत नाही. दुसऱ्या वर्षी पुण्यातल्या एका मावसबहिणीने बिबडे आणि कुरडया मागवल्या, तिच्या ओळखीतल्यांनीही मागवल्या, आणि त्या उन्हाळ्यात मला खर्च जाता सहा हजार रुपये मिळाले. तेव्हापासून दर वर्षी मी मागणीप्रमाणे करून देते.

एक चूकही लिहायला हवी. पहिल्या तीन महिन्यांत मी दूध दीड लिटरवरून एक लिटरवर आणले आणि मुलांचे पुरे पडावे म्हणून आईंनी न सांगता स्वतःचा रात्रीचा पेला बंद केला. मला ते मुलीकडून कळले. महिन्याला सातशे-आठशे रुपये वाचत होते. दूध पूर्ववत केले आणि त्या रकमेसाठी मी आणखी एक शिकवणी धरली. अन्न, औषध आणि म्हाताऱ्या माणसाची सवय यांतून पैसे काढायचे नाहीत, हा नियम त्यानंतर वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

आहेराचा प्रश्न खर्चाहून नात्याचा होता. मे २०२२ मध्ये अमळनेरला मोठ्या नणंदेच्या मुलीचे लग्न होते आणि मामा म्हणून यजमानांचा मान मोठा. पूर्वीच्या रिवाजाप्रमाणे पंचवीस-तीस हजार लागले असते. लग्नाच्या दोन महिने आधी आम्ही अमळनेरला गेलो आणि यजमान म्हणाले, "ताई, या वर्षी मामाचा आहेर माझ्या ऐपतीप्रमाणेच होईल. मांडवात तुला कळण्यापेक्षा आज सांगतो." ताई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले की आईला हे माहीत आहे का, हो म्हटल्यावर म्हणाल्या, "मग झालं. लग्नाला तू चार दिवस आधी ये, आम्हाला हाताशी माणूस हवंय." आम्ही भाचीला एक पैठणीकाठाची साडी आणि शंभर कुरडया-बिबडे दिले, आणि यजमान पाच दिवस मंडप, पाणी, पंगती सांभाळत राहिले. गावात चर्चा झाली असेल. ती आमच्यापर्यंत आली नाही.

कापसाने पहिल्याच वर्षी मोठा हात दिला. २०२१-२२ च्या हंगामात कापसाचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. बटाईदाराने घाई न करता फेब्रुवारीत माल विकला आणि आमच्या वाट्याला खर्च जाता पस्तीस हजार आले. त्यातले पंधरा हजार खऱ्या आणीबाणीसाठी वेगळे ठेवले आणि वीस हजार बँकेत मुद्दलात भरले. पूर्वफेडीचे शुल्क आमच्या करारात नव्हते, हे आधी वाचून घेतले होते. भरताना शाखेत लेखी अर्ज दिला की हप्ता कमी न करता मुदत कमी करावी. हे सांगितले नाही तर काही ठिकाणी हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवतात आणि व्याजाची बचत बरीच घटते. पुढच्या दोन वर्षी भाव पडलेला असल्याने कापसाचे पैसे कमी आले, पण बिबड्यांचे पैसे आणि यजमानांच्या पगारातली वाढ घालून दोन्ही फेब्रुवारींत वीस-वीस हजार भरले. त्या साठ हजारांमुळे बारा-तेरा हप्ते कमी झाले आणि चोवीस हजारांच्या आसपास व्याज वाचले. २०२३ च्या जुलैत कार्डाचा शेवटचा हप्ता गेला, ऑगस्टमध्ये भावाचा. राखीपौर्णिमेला त्याने ओवाळणीत ठेवलेले पाकीट मी घेतले. आधीची दोन वर्षे मी ते परत करत होते.

बँकेचे कर्ज मार्च २०२५ मध्ये संपले. कर्ज संपले म्हणजे काम संपले नाही, हेही अनुभवाने सांगते. बँकेकडून बेबाकी दाखला घ्यावा लागतो, गहाण ठेवलेले कागद परत घ्यावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वैयक्तिक कर्जांच्या बाबतीत डिसेंबर २०२३ पासून पूर्ण परतफेडीनंतर तीस दिवसांच्या आत मूळ कागद परत देणे बंधनकारक आहे आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई आहे. बोजा उतरवण्याचे पत्र घेऊन यजमान तलाठी कार्यालयात दोनदा गेले, फेरफार नोंद झाली. सिबिलचा अहवालही मागवून पाहिला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. कार्डाच्या नोंदीपुढे 'क्लोज्ड' असे लिहिलेले मी स्वतः वाचले.

३० एप्रिल २०२५ ला आखाजी होती. दोघी नणंदा आल्या होत्या, निंबाला झोका होता आणि मुलीने तो सकाळपासून सोडला नव्हता. घागर भरून झाल्यावर यजमानांनी नवा सातबारा आईंच्या हातात दिला. त्यांना वाचता येते, पण चष्मा लावूनही ती अक्षरे बारीक होती, म्हणून त्यांनी मुलाला 'इतर हक्क' हा रकाना मोठ्याने वाचायला सांगितला. त्यात बँकेचे नाव उरले नव्हते. त्यांनी कागद घडी करून मामंजींच्या तसबिरीखाली ठेवला, आणि जेवणे उरकल्यावर मला म्हणाल्या की वही आण, पुढच्या सालाचे धान्य किती लागेल ते आजच मांडून ठेवू.